जळका भाग भिंतीकडे

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, जिच्यापाशी सगळं ओकून मोकळी होते त्या शेजारणीलाही नाही. पाप आढ्यावर चढून बोलतं म्हणतात. मीही वाट बघत बसले होते — बघू तरी कधी चढतंय. इतकी वर्षं झाली, माझं पाप काही जागचं हललं नाही. खाऊनपिऊन सुखी आहे. तेव्हा आता मीच त्याला शिडी लावते.

आधीच बजावून ठेवते. मन हलकं करायला मी बसलेले नाही. तसं असतं तर अंबाबाईला जाऊन ओटी भरून आले असते, घरापासून चालत जाण्याएवढं अंतर आहे. आणि गोष्ट माशांची आहे. 'मासेच तर होते की' असं ज्याला म्हणायचंय त्यानं इथंच थांबावं आणि आपल्या कामाला लागावं. माझं काही म्हणणं नाही.

मी ब्लाउज शिवते. आमचे मालक फौंड्रीत होते. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, म्हणण्यापुरतीच. तर मालक भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड साच्यात कधी ओतायचं हे ते नुसत्या रंगावरून सांगायचे. तापमानाचं मीटर होतं, नाही असं नाही. पण मीटरनं हो म्हटलं तरी बाकीचे आमच्या मालकांच्या तोंडाकडं बघायचे. यांनी मान हलवली की मगच ओतायचं. फौंड्रीचा शेठसुद्धा पाव्हण्यांना घेऊन यायचा आणि सांगायचा, आमचं मीटर हे बघा, दोन पायांचं. घरी येऊन हे मला तसंच्या तसं सांगायचे, आणि वर म्हणायचे, मला काय त्याचं. मला काय त्याचं म्हणताना मिशीत हसायचे. त्या माणसाचा सगळा रुबाब त्याच्या नजरेत होता, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

घरी आले, अंघोळ केली, की मालक पुढच्या खोलीत, सोप्यात, माशांच्या टाकीसमोर बसायचे. डिस्कस जातीची जोडी होती. बशीएवढे गोल, चपटे, तांबूस अंगावर निळ्या रेघा. दिसायला देखणे, हे मी आजही नाकारत नाही. पण नाजूक किती! या माशांना पाणी कोमट लागतं, आणि कोल्हापुरात थंडी पडली की टाकीचं पाणी गार होतं. म्हणून त्यात हीटर. हीटर म्हणजे काय, काचेची एक लांब नळी, आत तार आणि ती चालू-बंद करणारा काटा, वर आकड्यांची चकती आणि एक लाल दिवा. पाणी गार झालं की दिवा पेटतो, पाहिजे तेवढं तापलं की आपोआप विझतो. त्या थंडीत मी पहाटे उठून बंबात लाकडं घालत होते, फुंकून फुंकून डोळे लाल करत होते — आणि सोप्यात माशांना रात्रंदिवस ऊन पाणी. राग येईल की नाही? मला आला. येत होता. तोही लिहून टाकते, राहायला नको.

त्या वर्षी जोडीला पिल्लं झाली. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावर जगतात, तुम्हाला माहीत आहे का? मोठ्या माशांच्या कातडीवर एक चिकट साय येते, पिल्लं तीच खातात. आईच्या अंगावरची संपली की ती झटका देऊन बाजूला होते, मग पोरं बापाच्या अंगाला जाऊन चिकटतात. मालक गल्लीतल्या एकेकाला बोलवून हे दाखवायचे. आमच्या मुलाच्या बारशालाही हा माणूस इतका हरखला नव्हता. मी आतल्या खोलीत मशिनवर बसून हे सगळं ऐकत असायची.

संक्रांतीच्या आधी आजऱ्याला त्यांचे मामा आजारी पडले. जाणं भाग होतं. जाताना मालकांनी हीटरची चकती जराशी वाढवली, आजचा गारठा जास्त हाय म्हणाले. माझ्या देखत वाढवली. मग मला समोर उभं करून शिकवणी झाली. "दिवा पेटला-विझला पायजे. पेटूनच राहिला तर समज आतला काटा चिकटलाय. मग इचार करायचा न्हाई, पिन काढायची. खाद्य चिमटीभर टाक. अन् पाण्याला हात लावू नको." मी मान डोलावली. माझ्यासमोर संक्रांतीच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता, काळ्या साड्यांवरचे सगळे, आणि हा माणूस मला चिमट्या शिकवत होता.

मी चिमटीभर टाकलं नाही. मूठभर टाकलं. मुद्दाम? नाही. मुद्दाम नाही, पण कोण चिमट्या मोजत बसतो अशा तोऱ्यात टाकलं, म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. संक्रांतीच्या दिवशी बघते तर पाणी गढूळ. दुसऱ्या दिवशी मालक येणार. बघितल्या बघितल्या ओळखणार. तेवढ्यात लाईट गेली, माझ्या मशिनची मोटर बंद पडली, हातातलं काम थांबलं. म्हटलं, बरं झालं. लाईट नाही तोवर पाणी बदलून घ्यावं. नळी लावली आणि अर्धी टाकी उपसली. हीटरची पिन भिंतीतच होती, बटण चालूच होतं. लाईटच नाही तर पिन कशाला काढू? असं मला वाटलं. कुणालाही वाटेल. आमच्याकडं निम्मी कामं लाईट गेल्यावर सुचतात, आणि लाईट आली की ती तशीच टाकून माणूस उठतो.

मीही उठले. आत मोटर घुरघुरली, लाईट आली. समोरच्या गल्लीतली एक बाई संध्याकाळच्या हळदीकुंकवाला तोच ब्लाउज घालून जाणार होती, बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. म्हटलं तेवढ्या लावून येते. बाह्या लावल्या, हुक लावले, दुसरा हातात घेतला — आणि जळका वास आला.

हीटर पाण्याबाहेर होता. कोरडा. त्या काचेच्या नळीभोवती तापवायला पाणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच तापत बसली होती. टाकीच्या काचेला धरून ठेवणारी रबराची वाटी वितळून काळी पडली होती, काच आतून तपकिरी झाली होती. मी बटण बंद केलं. लगेच पाणी ओतलं नाही, कंदिलाच्या तापल्या काचेवर थेंब पडला तर काय होतं ते मला माहीत होतं. म्हणजे बघा, अक्कल होती मला. गार होऊ दिलं, मग टाकी भरली, मग बटण लावलं. दिवा पेटला. हुश्श केलं. आणि मग हीटर हातानं फिरवून त्याचा जळका भाग भिंतीकडे केला.

हे मी केलं. पाणी बदलणं ही चूक होती, पिन न काढणं ही चूक होती. चुका सगळ्यांच्या होतात. जळका भाग भिंतीकडे करणं ही चूक नव्हती.

संध्याकाळी काळी साडी नेसून मी सोप्यातून निघाले तेव्हा दिवा पेटलेलाच होता. दुपारपासून विझला नव्हता. मी टाकीच्या काचेला हात लावला. ऊन होती. नेहमीपेक्षा जास्त ऊन. काटा चिकटलाय, हे मला त्या क्षणी कळलं. नुकतीच शिकवणी झाली होती की! पिन हाताच्या अंतरावर होती. का नाही काढली? ऐका. पिन काढली असती तर हीटर बंद, पाणी गार पडणार, म्हणजे आजऱ्याला फोन करावा लागणार, म्हणजे मालक विचारणार काय झालं, कसं झालं. ते सांगावं लागू नये म्हणून मी पिन काढली नाही. विझेल आपोआप, असं स्वतःला म्हटलं आणि कुलूप लावलं. तीन घरी हळदीकुंकू घेतलं. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी फार गोड बोलले त्या दिवशी. ब्लाउजची तारीफ झाली, तीही गोड मानून घेतली.

परत आले तर सोपा उबदार झाला होता. एवढंच सांगते. ते मासे कसे दिसत होते ते मी लिहू शकते, विसरलेले नाही, पण ते लिहून तुम्हाला हळहळायला लावणं म्हणजे पुन्हा गोड बोलणंच झालं. पिल्लं आईच्या अंगालाच चिकटलेली होती. दिवा अजून पेटलेला होता. तेव्हा मी पिन काढली.

सकाळच्या एसटीनं मालक आले. मामांची तब्येत सांगत सांगत आत आले आणि टाकीपाशी थांबले. हीटर बाहेर काढला, फिरवून बघितला, तो तपकिरी डाग बघितला. मला वाटलं, संपलं. भट्टीवरचा माणूस, याला जळलेलं कळणार नाही? त्यांनी विचारलं, "तू पाण्याला हात लावलावतास काय?"

"न्हाई," मी म्हणाले. "खाद्य तेवढं टाकलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर विश्वास होता ना. हीटरवरच्या चकतीकडं बघत राहिले. म्हणाले, "मग मीच मारलं. वाढवायला नको हुतं." चकती मी वाढवली, काटा ताणला, चिकटला — एवढा सरळ हिशोब त्यांनी मांडला आणि स्वतःच्या नावावर घातला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर काय झालं असतं? शिव्या घातल्या असत्या. दोन दिवस जेवले नसते. तिसऱ्या दिवशी जेवले असते. मला काय हे माहीत नव्हतं? मारणारा, हाकलणारा नवरा नव्हता माझा. भ्यायला कारणच नव्हतं, तरी भ्याले. भ्याले हेही खरं नाही. मला ऐकून घ्यायचं नव्हतं, बस.

इथवर तुम्ही म्हणाल, झालं ते झालं. पण झालं नाही ना. त्या थंडीतच मालक भट्टीवर अडखळायला लागले. मान हलवायच्या आधी मीटर बघायचे. मग पुन्हा बघायचे. शेजारच्याला विचारायचे, तुला काय वाटतंय रे? घरातल्या टाकीचं पाणी ज्याला राखता आलं नाही, त्यानं लोखंडाचा रंग काय सांगायचा — असं ते मला जेवताना म्हणाले. चेष्टेत म्हणाले. मी आमटी वाढली. एकदा ओतायला उशीर केला, माल वाया गेला. शेठ काही बोलला नाही. त्यांनीच जाऊन सांगितलं, मला स्टोअरला टाका, माझी नजर बसंना आता. भट्टीचा राजा नट-बोल्ट द्यायला बसला. लोक म्हणाले, वय झालं. वय कुठलं! मला ठाऊक होतं काय झालं होतं. रोज सकाळी त्यांच्या हातात डबा देताना, 'अहो, तुमची नजर चुकली नव्हती' एवढंच म्हणायचं होतं. डबा दिला. रोज दिला. निवृत्त झाले तेही स्टोअरमधूनच.

नंतर त्यांनी घरात मासे ठेवले नाहीत, पण दुसऱ्यांचे मासे वाचवायचं वेड घेतलं. रविवारी कुणाकुणाच्या घरी टाक्या बघायला जातात. कुणी बोलावतं, कुणी न बोलावता यांना सुगावा लागतो. एक मोठा हीटर नको, दोन लहान लावा, म्हणजे एक चिकटला तरी पाणी लगेच उकळत नाही आणि एक मेला तरी लगेच गारठत नाही. चकतीवर भरवसा ठेवू नका, थर्मामीटर वेगळा लावा, हीटरपासून लांब. सकाळ-संध्याकाळ काचेला हात लावा. जुना हीटर मरायची वाट बघू नका, चांगला आहे तोवरच बदला. सगळं खरं आहे, आणि त्यांच्यामुळं कितीतरी टाक्या वाचल्यात. पण सुरुवात दरवेळी तीच. "पयलं सांगतो, मी माझ्या हातानं माझी जोडी मारली. मीच काटा वाढवला." केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं लोकांच्या तोंडावर दिसतं. मी शेजारी खुर्चीवर असते. मला चहा देतात, मी बिस्कीट बुडवून खाते.

या वर्षी गडमुडशिंगीच्या पुतणीनं डिस्कस ठेवले. धाकट्या दिरांची मुलगी, काकाचा फार लळा. मालकांनीच जोडी आणून दिली — इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या माशांना हात लावला. दोन हीटर, वेगळा थर्मामीटर, सगळं स्वतः बसवून दिलं. पिल्लंही झाली. आणि एक दिवस तिचा फोन आला, रडत होती. दोन्ही हीटर एकाच दिवशी बिघडले, टाकी गेली. आम्ही गेलो. मालक दोन्ही नळ्या हातात घेऊन बसले होते. पुतणी म्हणत होती, "काका, तुमी सांगितल्यालं समदं केलं की वो. कायबी सोडलं न्हाई."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकायला म्हणून. हळूच विचारलं, पाणी कधी बदललंवतंस?

"त्याच दिवशी. लाईट गेलीवती, म्हटलं तेवढ्यात बदलून घ्यावं."

"पिन काढलीवतीस?"

"लाईटच नव्हती की काकी. कशाला काढू? मग लाईट आली तशी दळप घेऊन गिरणीत गेलते, परत जाईल म्हणून."

माझं वाक्य. माझंच वाक्य, शब्दाला शब्द, त्या पोरीच्या तोंडात. मी गाळणी हातात धरून उभी राहिले. बाहेर जाऊन सांगायला चार पावलं होती. मी चहा गाळला, कपात ओतला आणि बाहेर नेऊन दिला. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी तरणी होते, घाईत होते, रागात होते, काय म्हणाल ते होते. या वेळी काय होते? या वेळी मी फक्त तीच होते.

परतताना स्कूटरवर मालक म्हणाले, "माझंच कायतरी सांगायचं राहिलंय बघ. काय राहिलंय ते ध्यानात येईना." मी मागं बसले होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. काय राहिलंय ते मला माहीत होतं. त्यांच्या सगळ्या शहाणपणात एक भोक आहे, त्या भोकाच्या मापाची मी आहे.

तर जे राहिलं ते हे. पाण्यात हात घालायच्या आधी हीटरची पिन भिंतीतून काढा. लाईट असो, नसो. लाईट नसेल तर आधी काढा, कारण ती येते आणि तुम्ही दुसऱ्याच कामाला गेलेले असता. हे त्यांना सांगता आलं नाही, कारण त्यांच्या घरात हे कधी घडलंच नव्हतं. माझ्या घरात घडलं होतं.

मालकांच्या डोळ्याचं परवा ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. वाचायला बंदी आहे. रोज सकाळी चहानंतर मी त्यांना पेपर वाचून दाखवते. ओळखीच्या कुणाचं निधन असलं, फौंड्री बंद पडल्याची बातमी असली, की मी त्या ओळी गाळते. त्यांना कळत नाही. हेही माझं कसब.

हे मी ब्लाउजच्या मापाच्या कागदांमागं लिहून काढलंय. उद्या चहा झाला की पेपर बाजूला ठेवणार आणि हे वाचणार, पहिल्या शब्दापासून. ते मध्ये उठून गेले तर जाऊ देत, मी सोप्यात बसून मोठ्यानं वाचत राहीन, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. एकही ओळ गाळणार नाही.